निष्कर्षच खोटा निघाला तर?

प्रश्न: माझी नात अकरावीला तर्कशास्त्र शिकते. 'सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे' असं घोकत असते. जे आधी गृहीत धरलं तेच शेवटी सांगितलं! अशा निगामी तर्काचा उपयोग काय?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर: आजोबा, तक्रार रास्त आहे. निगामी युक्तिवादात आधारविधानांपलीकडचं, म्हणजे आधी गृहीत धरलेल्या विधानांपलीकडचं, काही हाती लागत नाही. (सॉक्रेटिसला तर आम्ही शिक्षकांनी दर जूनमध्ये मारलाय.) पण निष्कर्ष खोटा निघाला की या तर्काची धार कळते. युक्तिवाद वैध, म्हणजे आधारविधानं खरी असतील तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे असा, आणि तरी निष्कर्ष खोटा, तर आधारविधानांपैकी निदान एक खोटं असलंच पाहिजे.

रक्तगटाचं घ्या. आईवडील दोघंही ओ, तर मूल ओ. हे दोघं ओ आहेत. म्हणून बाळ ओ. आणि रिपोर्टमध्ये बाळाचा गट येतो बी! आपल्याकडे अशा वेळी पहिलं बोट बाईकडे दाखवतात. तो निव्वळ आगाऊपणा. आधी आपण काय काय गृहीत धरलं ते तपासावं. रिपोर्ट बरोबर आहे? नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना? आणि 'हे दोघं ओ' हे तरी कशावरून?

हा शेवटचा प्रश्न पोकळ नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका निराळ्या रक्तगटाची नोंद केली. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे रक्तपेशींवरच्या ज्या खुणांवरून गट ठरतो त्या, 'एच' नावाच्या पदार्थावर उभे राहतात. काही थोड्या लोकांत एचच नसतो. पायाच नाही तर भिंत कुठून येणार? अशा बाईत बीचं जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत ती ओ दिसते. ते जनुक बाळाकडे गेलं आणि बापाकडून एच मिळाला, की बाळ बी.

पडताळाही निगामीच. खऱ्या ओ गटाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात) ओच्या रक्तपेशी घातल्या तर गुठळ्या होत नाहीत. बॉम्बे गटाच्या सीरममध्ये एचविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींना चिकटणारी प्रथिनं, असतात, त्यामुळे होतात. गुठळ्या झाल्या, तर 'ओ' हे लेबल संशयास्पद. ते वेळीच कळलेलं बरं, कारण अशा माणसाला ओचं रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो.