.४४ मॅग्नमसाठी घरी काडतुसं भरताना: आधी काम ठरवा, मग दारू

भाऊ, तू यावलचा, सध्या टेक्सासात, .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर नुकतंच घेतलंय. निशाणेबाजीचा सराव आणि रानडुकराची शिकार, दोन्हीला घरी भरलेलं (म्हणजे रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू आणि गोळी बसवून बनवलेलं) एकच काडतूस चालेल का, असं विचारलंयस. नाही चालणार. तिकडे बरीच वर्षं मी हेच करत होतो, आता फैजपूरला परतलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काम ठरव, मग गोळी निवड, दारू सगळ्यात शेवटी. सरावाला २४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) शिशाची सेमी-वॉडकटर, म्हणजे धारदार खांद्याची गोळी घे आणि वेग सेकंदाला ८०० फुटांच्या आसपास ठेव. त्या खांद्यामुळे कागदावर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजताना वाद होत नाही. धक्काही हलका बसतो. भारी काडतुसांवरच हात बसवायला गेलास, तर घोडा ओढायच्या आधीच मनगट दचकायला लागेल, आणि ती खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. म्हणून माझं ठाम मत, वर्षभरातली बहुतेक काडतुसं हलकीच असावीत.

डुकराला २४० ग्रेनचीच, पण तांब्याचं आवरण आणि मऊ टोक असलेली गोळी, वेग १२०० फुटांच्या वर. फारच दांडगं जनावर असेल तर ३०० ग्रेनची कडक शिशाची, चपट्या नाकाची.

आता दारू. इथे जिवाशी गाठ आहे. भारी काडतुसाला एच-११० सारखी सावकाश जळणारी दारू लागते. ती कमी भरून हलकं काडतूस करता येत नाही, बनवणारी कंपनीच तसं बजावते. हलक्यासाठी झपाट्याने जळणारी वेगळी दारू घे. पण तिचं माप इतकं थोडं असतं की मॅग्नमच्या लांब पुंगळीत चुकून दोनदा पडलं तरी दारू वर येत नाही, हाताला काही कळत नाही. असं एक काडतूस रिव्हॉल्व्हरची चक्री, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, फोडू शकतं. म्हणून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या फळीत उभ्या ठेव, दिव्याखाली एकेकीत डोकाव, सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली तरच गोळ्या बसव. मापं छापील पुस्तकातूनच घे, कमाल मापाच्या दहा टक्के खालून सुरुवात कर; एच-११० मात्र कमाल मापाच्या तीन टक्क्यांहून जास्त खाली नेऊ नकोस.

भारी काडतुसात पुंगळीची कड गोळीच्या खाचेत घट्ट दाबायची. नाहीतर धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्री अडकते, तीही नेमकी डुक्कर समोर असताना. हलक्या-भारीचे डबे वेगळे ठेव, प्रत्येकावर गोळी, दारू, माप आणि तारीख लिही.

केळीत डुकरं घुसतात म्हणून काकांना इथे काडतुसं भरून देता येतील का, असंही विचारलंयस. तो विचार सोड. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. आणि गावी येताना बॅगेचा कप्पा न् कप्पा तपास. चुकून राहिलेलं एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावर पोलीस ताब्यात घेतात.