वाचकांचे प्रश्न : चैत्रातली बाग, चैत्रातले ताट आणि सकाळची वीस मिनिटे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गच्चीवरच्या वेलांबद्दल आहेत, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गच्चीत दुधी, दोडका आणि काकडी लावली आहे. वेल छान पसरले, फुलेही भरपूर येतात, पण फळ धरत नाही. बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. खत वाढवू का? (पुणे)

उत्तर : खत आधी थांबवा. वेल हिरवागार आणि फळ नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा नत्र जास्त झाले असा असतो. दर आठवड्याला शेणखताचे पाणी, वर गांडूळखत आणि कोणी सांगितले म्हणून युरियाची चिमूट असे चालू असेल, तर वेल पाने काढण्यातच रमतो.

पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुले येणार, त्याची काळजी नको. नर फूल बारीक देठावर सरळ येते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते. दुधीच्या बाबतीत ते लवदार, अंगठ्याच्या पेराएवढे दिसते. हे फळ चार-पाच दिवसांत टोकाकडून पिवळे पडून गळले, तर परागीकरण झालेले नाही असे समजावे. पाचव्या-सहाव्या मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, शिवाय पारा ३५ अंशांच्या वर गेला की परागही दुबळे होतात आणि नर फुलांचे प्रमाण वाढते.

तेव्हा हे काम हाताने करा, पण वेळ पाहून. इथेच बहुतेकांची गल्लत होते. काकडी आणि कारल्याची फुले पहाटे उमलतात, त्यांचे काम सकाळी नऊच्या आत उरकावे. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी त्यांच्याकडे ब्रश घेऊन गेलात तर कोमेजलेली फुलेच हाती लागतील. घोसाळे दोडक्याचे भावंड असले तरी त्याची फुले सकाळची. ताजे नर फूल देठासह तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवून फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुले होतात. नंतर त्या देठाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणते फळ धरले ते कळेल.

दुधीच्या मुख्य वेलाला सात-आठ पाने आली की शेंडा खुडा. बगलेतून जे फुटवे येतात, त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पेऱ्यावरच मादी फुले लवकर धरतात. मुख्य वेल नुसता वर चढू दिला तर नर फुलेच मोजत बसाल.

फळ वाढता वाढता वाकडे झाले, त्यावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसला आणि तिथून डिंक आला, तर दोष परागीकरणाचा नाही, फळमाशीचा आहे. दुकानात फळमाशीचा सापळा मागितला की पुष्कळदा आंब्यासाठीचा, मिथाईल युजेनॉलचा देतात. वेलभाज्यांवरच्या माशीला त्याचे आकर्षण नसते. तिच्यासाठी क्यू ल्युअरची वडी मागा. फळ धरल्यावर त्याला कागदी पिशवी चढवणे हा त्याहून स्वस्त उपाय. किडलेले फळ कंपोस्टात टाकू नका. अळी मातीत उतरून कोष करते, म्हणजे तुम्हीच तिची पुढची पिढी पोसता. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग फेका.

आणि दुधी दहा इंची कुंडीत असेल तर वरचे सगळे करूनही हाती फारसे लागणार नाही. त्याला १८ बाय १८ इंचांची, म्हणजे साधारण ७० लिटर मिश्रण मावणारी पिशवी हवी. काकडीचे १५ इंचांत भागते.

प्रश्न : दुपारी सगळी झाडे माना टाकतात, म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालते. तरी मिरची आणि वांगे पिवळे पडत आहे. कुंडीत निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी आपोआप सावरत असेल, तर ते तहानलेले नाही. उन्हात पानांतून पाणी उडते त्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत, एवढेच. सकाळी सात वाजताही झाड मलूल असेल तरच पाणी कमी पडते आहे.

कोकोपीट फसवे असते. वरचा थर कोरडा, भुरभुरीत दिसतो आणि चार इंच खाली चिखल असतो. बोट दोन पेरे आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. तीनदा पाणी म्हणजे मुळांना हवा नाही आणि मुळे गुदमरली की पाने पिवळी. शिवाय विटेच्या आकाराचे कोकोपीट न धुता वापरले असेल तर त्यातले क्षारही त्रास देतात. ६५० ग्रॅमची वीट बादलीभर पाण्यात फुगवून, पिळून, पुन्हा दोनदा पाणी बदलून मगच घ्यावी. मिश्रणात कोकोपीट एक चतुर्थांशाच्या वर नको. बाकी निम्मी माती, एक चतुर्थांश चांगले कुजलेले खत आणि १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

तुमच्याकडच्या उन्हात खरा शत्रू गच्चीचा तापलेला स्लॅब. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर दोन इंच वाळल्या पानांचे आच्छादन घाला आणि पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. पाणी एकदाच, सकाळी, कुंडीखालून निथळेल इतके.

जाता जाता : पालक आता हट्टाने लावू नका, उन्हाने तुरे येतील. माठ आणि राजगिरा २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, अंबाडी आणि चवळीही चालेल. मायाळूला तर हा उकाडा मानवतोच. कोथिंबीर हवीच असेल तर धणे चिरडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि जिथे फक्त सकाळचे दोन-तीन तास ऊन येते तिथे पेरा.

प्रश्न : वृंदावनातली तुळस दरवर्षी उन्हाळ्यात वाळते. रोज न चुकता पाणी, हळदीकुंकू, दिवा सगळे होते. घरातली मंडळी म्हणतात की हा अपशकुन आहे. (डोंबिवली)

उत्तर : अपशकुन नाही. बहुधा वृंदावनाला खाली भोकच नाही. एकदा तुळस मातीसकट उचलून पाहा. मुळे तपकिरी, लिबलिबीत असतील आणि मातीला कुबट वास येत असेल, तर रोजचा तांब्याभर पाणी हेच कारण. घरात तिघेजण अंघोळ करून आळीपाळीने पाणी घालत असतील तर झाडाच्या वाट्याला तीन तांबे येतात, हेही लक्षात घ्या.

सडलेली मुळे कात्रीने काढा. वृंदावनाच्या तळाला ड्रिलने अर्ध्या इंचाची दोन-तीन भोके पाडा आणि वर खापराचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुने खत असे मिश्रण भरा. शेंडे एक तृतीयांश छाटा, आठ दिवस सावलीत ठेवा. वृंदावन नवे, सिमेंटचे असेल तर आधी आठवडाभर पाणी भरून ओतत राहा, नाहीतर सिमेंटचा चुना मातीत उतरतो.

पूजेत काही कमी करावे लागणार नाही, फक्त जागा बदला. हळदीकुंकू वृंदावनाच्या भिंतीवर किंवा कोनाड्यात वाहा. खोडाशी साचलेले कुंकू, अक्षता आणि निरांजनातले तेल यांनी मातीवर थर जमतो आणि मुंग्या येतात. अर्घ्य पळीभर पाण्याचे पुरते. दिवा पानांपासून वीतभर दूर.

मंजिरी आल्या की खुडत राहा. झाड बीज धरू लागले की पाने काढणे कमी करते. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी सकाळी खुडा आणि देवाला वाहा. थोड्या मंजिरी झाडावर वाळू देऊन त्यांचे बी मृगाच्या सुमाराला पेरा. तुळस काही वर्षेच टिकणारे झाड आहे. जुनी लाकडासारखी झाली की तिच्याच बियांचे रोप लावायचे, अशीच वहिवाट होती.

प्रश्न : पाडव्याला कडुनिंब खातो तसा महिनाभर रोज सकाळी रस घेतला तर चालेल का? मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. आणि पन्हे गुळाचे असल्याने मला चालते ना? (सांगली)

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे.

पाडव्याची चटणी म्हणजे कोवळी पाने आणि मोहर मिळून दोन चमचे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन चमचे, गूळ, चिंच, ओवा, हिंग, जिरे आणि मीठ. त्यातला प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा चमचा. एवढ्याने कोणाला काही होत नाही. रोज पेलाभर रस ही वेगळी गोष्ट. कडुनिंबाने साखर उतरते आणि गोळ्यांनीही उतरते. दोन्ही मिळून ती फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदर स्त्रियांनी तर टाळावेच. बागेसाठी आणलेली कडुनिंबाच्या तेलाची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. लहान मुलांच्या पोटात ते तेल थोडे जरी गेले तरी गंभीर विषबाधा होते.

गूळ म्हणजे शेवटी बरीचशी साखरच. अर्धा किलो कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन, गर काढून, त्याच्या दीडपट गूळ घातला, तर त्या पाकाचे दोन मोठे चमचे घातलेल्या एका पेल्यात साधारण २० ग्रॅम गूळ जातो, म्हणजे चहाचे चार चमचे. तुमच्यासाठी गर बाजूला काढून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना आणि चिमूटभर मीठ घाला. आंबट लागेल, पण चांगले लागते. रक्तदाब असेल तर मीठही हात राखून. गर काचेच्या बरणीत ठेवा, कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये नको.

आंबेडाळीबद्दलही काही जणांनी विचारले आहे. डाळ चार-पाच तासच भिजवा आणि वाटल्यावर तीन-चार तासांत संपवा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दुपारी वाटलेली डाळ रात्री आठला वाटीत घालणे धोक्याचे. कच्ची डाळ आणि ओले खोबरे या उकाड्यात झटकन आंबते.

प्रश्न : चैत्री एकादशीला आणि नवरात्रात साबुदाणा खाल्ला की पित्त होते. (पंढरपूर)

उत्तर : साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि रिकामे पोट. राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेऊन पाहा. भगर आणा, पण सुटे पीठ आणू नका. जुन्या, बुरशी लागलेल्या पिठाने विषबाधा होते. दाणे निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, घरीच लागेल तेवढे वाटा.

प्रश्न : पाडव्याला संकल्प केला : पाचला उठणे, योगासने, अर्धा तास ध्यान, जप, मग बाग. आठवड्यात मोडला. ध्यानाला बसले की मन भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत फिरते. (नागपूर)

उत्तर : संकल्प मोडला कारण तो पाच माणसांचा होता. वीस मिनिटे ठरवा आणि ती बागेनंतर ठेवा. नागपुरात चैत्र-वैशाखात ऊन थांबत नाही, ध्यान थांबते. पावणेसातपर्यंत पाणी घालून झाले की हातपाय धुऊन बसायचे.

बैठक अशी : घडी केलेले घोंगडे किंवा उशी, तीन-चार इंच उंच, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. पहिली दहा मिनिटे श्वास सोडताना एक ते दहा मोजा. मध्येच मन बँकेत पोहोचले की पुन्हा एकपासून. ते भटकले हे ध्यानात येणे, तोच सराव आहे. नंतर एक माळ जप : १०८ नामे, एकेकाला चार सेकंद धरले तर सात मिनिटे होतात. उरलेली तीन मिनिटे नुसते बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. झोप येत असेल तर उपाय रात्री लवकर निजणे हाच.

तुम्ही पत्रात अरणच्या सावतोबांचे नाव घेऊन विचारले आहे की मग बागकाम हेच ध्यान का म्हणू नये. जरूर म्हणा, पण ते मळ्यात दिवसभर राबत होते. कानात गाणी लावून पाणी घालणे हे त्यात बसत नाही. पाणी घालताना प्रत्येक कुंडीशी थांबून पानाची खालची बाजू पाहणे बसते, आणि त्याने मिलीबगही (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) वेळेत सापडतो. बसल्यावर घुसमट किंवा खूप उदास वाटत असेल तर मात्र डोळे उघडा, चालत जप करा आणि डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : न्यू जर्सीत तुळस आणि मेथी कधी पेरू? बी आईकडून मागवू का? (एडिसन)

उत्तर : बी तिकडेच घ्या. बाहेरून लागवडीचे बी न्यायला अमेरिकेत कागदपत्रे किंवा परवाना लागतो. मेथीला थंडी चालते, एप्रिलच्या सुरुवातीला माती भुसभुशीत झाली की बाहेर पेरा. तुळशीला गोठणारे दव अजिबात सोसत नाही. ती आता घरात, उजेडाच्या खिडकीत, बी जेमतेम झाकेल एवढ्या मातीत पेरा आणि मेच्या मध्यानंतर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवत आठ-दहा दिवसांनी कायमची बाहेर काढा.