भौतिकशास्त्र घेतेस ना? मग गणित सोडू नको

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. बारावीला ६८ टक्के पडले, सीईटीला मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत आणि आता भौतिकशास्त्रातच बीएस्सी करायचं तू ठरवलंस. बाबा विचारतात, बीएस्सी करून पुढे काय? तू विचारतेस, मॅडम, नागपुरात प्रवेश मिळेल का? दोन्हींची उत्तरं देते. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस की गणित जड जातं, तेव्हा मायनरला, म्हणजे जोडविषयाला, एखादा हलका विषय घेईन म्हणते. मला खरी काळजी त्या एका ओळीची वाटली, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आधी प्रवेशाचं बघू. आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत साध्या बीएस्सीला जेईई किंवा सीईटीचे गुण लागत नाहीत. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असावं लागतं आणि बारावीच्या गुणांवर यादी लागते. शहरात विज्ञानाची कॉलेजं बरीच आहेत, त्यामुळे तुझ्या गुणांवर जागा मिळायला अडचण येऊ नये. पाहिजे त्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव नसलं तर घाबरून दुसरीकडे मिळेल तो विषय पदरात पाडून घेऊ नको, दुसऱ्या यादीची वाट बघ. स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक आणि अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, म्हणून प्रत्येक कॉलेजचं माहितीपत्रक वेगळं वाचायचं. एकाचं वाचून सगळ्यांचा अंदाज बांधायचा नाही.

कागदपत्रं आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेव. बारावीची गुणपत्रिका, टीसी, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असशील तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर. सेतू केंद्रात जून-जुलैत रांगा लागतात, म्हणून जे नाही त्याचा अर्ज याच आठवड्यात टाक. पदवीचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी काढून घे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो आणि त्याची तारीख प्रवेशानंतर धावपळीत विसरायला होते. एवढं केलंस की या बाजूचं काम झालं.

आता विषयांकडे येते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची रचना आली. मेजर म्हणजे ज्यात पदवी मिळणार तो विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. शिवाय भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान परंपरा, दुसऱ्या शाखेतला एखादा ऐच्छिक विषय, असं बरंच काही असतं. त्यातलं बहुतेक नियमित हजेरी आणि थोड्या अभ्यासावर निघतं, त्याचा बाऊ करू नको. कॉलेजात जाऊन दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचार. इथे मेजर पहिल्याच सत्रात पक्का करावा लागतो की पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकून दुसऱ्या वर्षी ठरवायचा असतो? आणि भौतिकशास्त्राला गणिताची जोड वेळापत्रकात बसते का? कधीकधी कागदावर सगळ्या जोड्या असतात आणि प्रत्यक्षात दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी येतात. काउंटरवर विचारून भागणार नाही. भौतिकशास्त्र विभागात जाऊन एखाद्या प्राध्यापकांना भेट. तिथे तुला कोणी हाकलून देणार नाही.

मायनर गणितच घे. नियम काय म्हणतो ते बाजूला ठेव. बारावीत तू लंबकाचं सूत्र पाठ केलंस. आवर्तकाल, म्हणजे एका डोलाला लागणारा वेळ, लांबीवर आणि गुरुत्वीय त्वरणावर अवलंबून, डोल केवढा आहे त्याचा संबंध नाही. आज संध्याकाळी एक काम कर. एक मीटर दोरीला एक जड नट बांध आणि दाराच्या चौकटीला टांग. थोडासाच बाजूला ओढून सोड आणि दहा डोलांना (जाऊन परत येणं म्हणजे एक डोल) किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोज. वीस सेकंद येतील. आता दोरी चांगली साठ अंशांपर्यंत वर ने आणि पुन्हा दहा डोल मोज. एकवीस सेकंदांच्या पुढे जाईल. साठ अंशांच्या डोलाला आवर्तकाल सात टक्क्यांच्या आसपास वाढतो. मोजता मोजता डोल कमी होत जातो म्हणून तुला फरक त्याहून थोडा कमी दिसेल, पण दिसेल नक्की.

मग पुस्तकातलं सूत्र खोटं का? खोटं नाही, ते लहान डोलापुरतं आहे. समीकरणात कोनाची ज्या (साइन) असते, आणि कोन लहान असताना ज्येच्या जागी कोनच धरला की ते समीकरण सहज सुटतं. बारावीत आपण ती सवलत घेतो आणि पुढे जातो. बीएस्सीत तुला त्या सवलतीची किंमत काढायला शिकवतात. त्यासाठी अवकल समीकरण (डिफरेन्शियल इक्वेशन) मांडता यायला हवं, श्रेणीत विस्तार करता यायला हवा, कोणतं पद टाकलं तर किती चूक राहते ते सांगता यायला हवं. हे सगळं गणित आहे, आणि हेच भौतिकशास्त्रही आहे. पहिल्या वर्षी लंबक, दुसऱ्या वर्षी विद्युतचुंबकीय क्षेत्रं आणि उष्मागतिकी, तिसऱ्या वर्षी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि घन अवस्था. दर वर्षी गणित एकेक पायरी वर चढतं. ज्या मुलीचं कलन (कॅल्क्युलस) कच्चं असतं ती दुसऱ्या वर्षापासून सिद्धता पाठ करायला लागते. मी अशा हुशार मुली पाहिल्या आहेत. डोकं कमी नव्हतं, हातात हत्यार नव्हतं. त्यांना पास होताना पाहून मला आनंद झाला नाही, हळहळ वाटली.

पुढच्या दारांवरही हीच अट लिहिलेली असते. आयआयटीसारख्या ठिकाणी एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. भौतिकशास्त्राच्या त्या अभ्यासक्रमातला पहिलाच भाग गणिती पद्धतींचा आहे: आंशिक अवकलन, सदिश कलन, फूरिए श्रेणी, अवकल समीकरणं, मॅट्रिक्स, संमिश्र संख्या. अनेक ठिकाणी पदवीला काही सत्रं गणित असणं ही पात्रतेचीच अट असते. मायनरला हलका विषय घेतलास तर तीन वर्षांनी तो अर्ज भरताना अडशील, आणि तेव्हा मागे जाता येत नाही.

गणित तुला जड का जातं, तेही मला ठाऊक आहे. दोन वर्षं तू क्लासमध्ये चार पर्यायांतून एक निवडायला शिकलीस. एक मिनिटात उत्तर काढायची ती सवय वेगळी आणि एका प्रश्नावर तासभर बसून तो सोडवणं वेगळं. दुसरं तुला कोणी करूच दिलं नाही. ते करून पाहिल्याशिवाय गणित जमत नाही असं स्वतःबद्दल ठरवू नको.

आता प्रयोगशाळेबद्दल. कॉलेज निवडताना इमारत आणि कॅन्टीन बघू नको, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बघ. सिव्हिल लाइन्समधली शासकीय विज्ञान संस्था १९०६ सालची, हिस्लॉप कॉलेज त्याहूनही जुनं, १८८३ सालचं. धरमपेठ आणि काँग्रेसनगरकडेही विज्ञानाची कॉलेजं आहेत. नुसत्या नावावर जाऊ नको. विचार, की एका तुकडीत किती मुलं असतात, एका उपकरणावर किती जण बसतात, डार्करूम वापरात आहे का. यूजीसीच्या आराखड्यात वर्गातल्या १५ तासांना एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक क्रेडिट धरतात. म्हणजे तुझ्या आयुष्यातला बराच वेळ त्या खोलीत जाणार आहे.

तिथे न्यूटनची वलयं हा प्रयोग तुझ्या वाट्याला येईल. सोडियमचा दिवा लावायचा, तो पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर थांबायचं. सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवलं की सूक्ष्मदर्शकात मधोमध काळा ठिपका आणि भोवती पिवळी-काळी वलयं दिसतात. आता सूक्ष्मदर्शकातली खुणेची तार, म्हणजे क्रॉसवायर, डावीकडच्या विसाव्या वलयावर न्यायची आणि एकेक वलय मोजत उजवीकडे यायचं. एखादं वलय चुकून पुढे गेलं तर बहुतेक मुलं स्क्रू उलटा फिरवून मागे येतात आणि तेच वाचन लिहितात. तसं करू नको. स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते. उलटा फिरवताना सुरुवातीला स्क्रू फिरतो पण सूक्ष्मदर्शक हलत नाही, आणि वाचन चुकतं. चुकलीस तर बरीच मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेने ये. मग प्रत्येक व्यासाचा वर्ग काढून वलयाच्या क्रमांकासमोर आलेख काढ. सरळ रेषा येईल, तिच्या चढावरून आणि भिंगाच्या वक्रता त्रिज्येवरून सोडियमची तरंगलांबी निघेल. ती ५८९ नॅनोमीटरच्या आसपास यायला हवी.

तुझी ५७० आली तर? शेजारच्या टेबलावर ५८९ आलेले असतात आणि रेकॉर्ड बुक सहज मिळतं. बेटा, ५७० च लिही. मग शोध, की वक्रता त्रिज्या मोजताना चुकलं की वलय मोजताना. रेषा शून्यातून गेली नाही तर कदाचित भिंगाखाली धुळीचा कण असेल. म्हणूनच तर आपण एक व्यास न घेता दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घेतो, त्यात ती चूक वजा होते. ज्या दिवशी हे तुझं तुला कळेल त्या दिवशी तू भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी झालीस असं मी समजेन. उतरवून काढलेल्या प्रयोगाला गुण मिळतात, हे मी नाकारत नाही. पण पुढे जिथे कुठे तुला मुलाखतीला बोलावतील, तिथे पहिला प्रश्न पदवीच्या एखाद्या साध्या प्रयोगावरच येण्याची शक्यता मोठी असते.

तीन वर्षं की चार, हा गोंधळ इतक्यात मनात घेऊ नको. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि दोन वर्षांची एमएस्सी करता येते. चौथं वर्ष केलंस तर ऑनर्स मिळते आणि पुढे एमएस्सीचं एक वर्ष पुरतं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणून पहिल्या सत्रापासून गुण सांभाळ. पहिलं वर्ष ओळख करून घेण्यात जातं असं सीनियर सांगतील, त्यांचं ऐकू नको.

आणि बाबांचं. त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यावर रागावू नको. त्यांना समोर बसवून हे सांग. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटची भरती भौतिकशास्त्र घेऊन झालेल्या पदवीवर होते. खात्याचं प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरातच आहे, वाटलं तर त्यांना बरोबर घेऊन बाहेरून दाखवून आण. भाभा अणुसंशोधन केंद्र बीएस्सी झालेल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतं, तिथे ६० टक्क्यांची अट असते. एमएस्सी झाल्यावर त्याच केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतून शास्त्रीय अधिकारी होता येतं. एमएस्सीनंतर नेट किंवा सेट दिली तर कॉलेजात शिकवता येतं, बीएड केलं तर शाळेत. आपल्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग अमरावती रोडवरच आहे, एमएस्सीसाठी नागपूर सोडावंच लागतं असंही नाही. पगार इंजिनिअरपेक्षा उशिरा सुरू होईल, हेही त्यांच्यापासून लपवू नको. पाच वर्षं शिकायला लागतील, त्याची घराने तयारी ठेवायला हवी. खरं सांगितलंस तर ते ऐकतील.

दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र शिक्षकांच्या भारतीय संघटनेची पदवी स्तरावरची राष्ट्रीय परीक्षा दे. नंबर येवो न येवो, देशभरातली मुलं कोणत्या पातळीवर विचार करतात ते कळतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निअस नावाचा उपक्रम आहे, त्याच्या अर्जावर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेव. आयसर किंवा नायझर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षा यंदा दिल्या नाहीस म्हणून मनाला लावून घेऊ नको. एमएस्सी आणि पीएचडीला त्या संस्थांची दारं पुन्हा उघडतात.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे. बारावीचं कलन पहिल्या पानापासून पुन्हा काढ. रोज पाच गणितं, पर्याय झाकून, पूर्ण पायऱ्या लिहून. अडलं की उत्तर बघायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. ती वही आणि लंबकाची मोजमापं घेऊन रविवारी सकाळी दहाच्या आत घरी ये, नंतर ऊन फार होतं. कॉलेजांची माहितीपत्रकंही आण, विषयांच्या जोड्या आपण मिळून बघू. बाबा येत असतील तर त्यांनाही घेऊन ये.

तुझी
मॅडम