स्तंभलेखकाचा वाचक कसा शोधावा?

प्रश्न : वृत्तपत्रांतील तीन स्तंभलेखक आपापल्या वाचकांसाठी कसे लिहितात, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. कात्रणे जमवली आहेत. परंतु ‘भाषा सोपी आहे’, ‘शैली ओघवती आहे’ यापलीकडे काही लिहिता येत नाही. नेमके काय पाहावे?

उत्तर : ‘सोपी’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा, कारण कोणासाठी सोपी हे ठरल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. लेखकाने मनात धरलेला वाचक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लेखक काय समजावून सांगतो आणि काय न सांगता पुढे जातो, यात. ‘राजकोषीय तूट’ हा शब्द आल्यावर एक जण अर्ध्या वाक्यात त्याचा अर्थ देतो, दुसरा तो तसाच वापरतो. पहिल्याला ज्या वाचकाची काळजी वाटते, तो दुसऱ्याच्या हिशेबातच नसतो. प्रत्येक लेखातील अशा जागांवर खुणा करा. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा येथेच सापडेल.

त्यानंतर सर्वनामे मोजा. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ असा भेद आहे, आणि अभ्यासकाला याहून चांगले साधन क्वचितच मिळते. ‘आपण कर भरतो’ असे म्हणणारा लेखक ‘तुम्ही मत देता’ असे कोणत्या परिच्छेदात म्हणू लागतो, म्हणजेच वाचकाशेजारचे आसन सोडून त्याच्यासमोर कधी उभा राहतो, हे टिपून ठेवा.

काही लेखक आपला वाचक स्वतःच सांगतात. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या दैनिकाच्या दहाव्या अंकात, मार्च १७११ मध्ये, जोसेफ ॲडिसन यांनी रोजच्या ३,००० प्रती आणि प्रत्येक प्रतीमागे २० वाचक धरून ६०,००० वाचकांचा हिशेब मांडला होता. सकाळी चहासाठी वेळ राखणारी कुटुंबे, स्त्रिया, आणि कोणी भेटेपर्यंत ज्यांच्यापाशी बोलायला विषयच नसतो अशी माणसे, असे गटही त्यांनी नावानिशी सांगितले. तरीही हा लेखकाच्या कल्पनेतला वाचक आहे, हे विसरू नये. प्रत्यक्षात कोणी वाचले, हे केवळ लेखांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी वाचकांची छापून आलेली पत्रे आणि पुढील लेखांत लेखकाने त्यांची घेतलेली दखल तपासावी लागेल.

कात्रणे आवडीनुसार निवडलेली असतील, तर मात्र निवड नव्याने करावी. साप्ताहिक स्तंभाचे सलग सहा महिने घेतले तर प्रत्येकी सुमारे २६ लेख मिळतात आणि त्यांत घाईने लिहिलेले, फसलेले लेखही येतात. लेखकाच्या सवयी अशा लेखांत अधिक उघड्या पडतात.

प्रश्न : मथळेही अभ्यासात घ्यावेत का?

उत्तर : घ्यावेत, परंतु वेगळ्या रकान्यात. मथळा अनेकदा उपसंपादक देतो, त्यामुळे त्यातला आक्रमकपणा लेखकाच्या नावावर मांडणे अन्यायाचे ठरेल. स्तंभाचे कायमचे नाव मात्र बहुधा लेखकाच्या संमतीनेच ठरते, म्हणून त्याचा विचार अवश्य करावा.