‘पाय गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

जुन्या खेळाडूंच्या आठवणी वेळीच लिहून ठेवा, असं मागच्या अंकात सुचवलं होतं. त्यावर नाशिकहून जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी दुखापतीमुळे लवकर थांबलेल्या फुटबॉलपटूंबद्दल आहेत. त्यांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाचे जुने सेंटर फॉरवर्ड गेल्या वर्षी वारले. १९८६च्या सुमारास, ऐन चोविशीत गुडघ्याच्या दुखापतीनं त्यांचा खेळ थांबला. त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण ज्याला विचारावं तो एवढंच सांगतो, की ‘फार भारी खेळायचे, मग पाय गेला.’ यावरून लिहायचं काय?
(एक वाचक, सिडको)

उत्तर : दुखापतीचा मजकूर सगळ्यात शेवटी लिहायला घ्या. आधी खेळाची नोंद करा. एक वही घेऊन त्यात सात रकाने आखा : तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, मैदान, निकाल, ते कोणत्या जागेवर खेळले आणि ही माहिती कुठून मिळाली. सातवा रकाना टाळू नका. त्यात ‘कात्रण’, ‘प्रमाणपत्र’ किंवा ‘आठवण’ यांपैकी एक शब्द पडलाच पाहिजे. चाळीस वर्षांनी उपांत्य सामन्याचा अंतिम सामना होतो आणि दोन गोलांची हॅटट्रिक होते. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण छापताना फरक पडतो. जे फक्त आठवणीतलं आहे, ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं तरच पक्कं धरा. दोघांना एकत्र बसवून विचारू नका. पहिला बोलला की दुसरा मान डोलावतो.

कागदांचा शोध घरच्या कपाटातून सुरू होतो. आंतरमहाविद्यालयीन आणि विद्यापीठाची प्रमाणपत्रं, संघाचे फोटो, प्रवासाची पासं बघा. नोकरी खेळाच्या कोट्यातून लागली असेल, तर अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या नकला जोडलेल्या असणार. घरच्यांनी त्या कार्यालयाकडे रीतसर मागाव्यात. मग नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा. ही संस्था १८४० पासूनची आहे. जुन्या दैनिकांच्या कोणत्या वर्षांच्या फायली पाहायला मिळतील ते आधी विचारा आणि रविवारच्या सामन्यांसाठी सोमवार-मंगळवारचे अंक काढा. बातमीत बहुतेक वेळा नुसतं आडनाव असतं. एकाच आडनावाचे दोघे त्या काळी खेळत नव्हते ना, हे पाहिल्याशिवाय गोल त्यांच्या खात्यावर टाकू नका. त्यांच्या आधीच्या पिढीबद्दलही लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा : महाराष्ट्र राज्य होण्यापूर्वीचे निकाल ‘बॉम्बे’ या नावाखाली सापडतात. १९५४ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यसंघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, त्याच नावावर आहे.

तारखा लागत नसतील तर लोकांना साल विचारू नका. ‘मॅराडोनाचा वर्ल्ड कप रात्री जागून पाहिला, त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा. ती स्पर्धा ३१ मे ते २९ जून १९८६ या काळात झाली. म्हणजे ‘त्यानंतर, चिखलात’ असं उत्तर आलं, की तो १९८६चा पावसाळा.

आता दुखापत. ‘पाय गेला’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. त्यांच्यासोबत त्या दिवशी मैदानात असलेल्यांना हे विचारा : कोणता पाय? कुणी धडकलं, की वळताना आपोआप झालं? ‘कट्’ असा आवाज आल्याचं ते सांगायचे का? गुडघा त्याच संध्याकाळी सुजला, की दुसऱ्या दिवशी? नंतर चालताना गुडघा निसटायचा, की अडकून बसायचा?

पाय जमिनीत रोवलेला आणि अंग वळलेलं, आवाज, दोन-तीन तासांत टम्म सूज, पुढे वळताना गुडघा निसटणं, असं सगळं जुळत असेल तर बहुधा आतलं पुढचं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा), म्हणजे एसीएल तुटलं होतं. इतक्या लवकर येणारी सूज रक्ताची असते. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मधेच अडकायचा, तर शंका दोन हाडांमधल्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर जाते. बऱ्याचदा दोन्ही एकदम फाटतात.

खेळ कायमचा का थांबला, त्याचं कारण इथेच आहे. एसीएल सांध्याच्या आत असतं. तिथल्या द्रवात रक्ताची गाठ टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा आपली आपण नीट सांधत नाहीत. त्या काळी अनेकांना प्लास्टरच घातलं जायचं. सहा आठवड्यांत मांडी सुकायची, लिगामेंट तुटलेलंच राहायचं. सरळ पळता यायचं, म्हणून खेळाडू परत उतरायचा आणि पहिल्याच वळणावर गुडघा निसटायचा. दर निसटण्याला गादी थोडी थोडी चिरडते. मग ती गादी काढून टाकायची. तेव्हा सांधा उघडून पूर्ण गादी काढण्याची पद्धत सर्रास होती. गादी गेली की हाडावर हाड घासतं आणि चाळिशीतच जिना चढणं अवघड होतं. ताज्या सुजेवर जोरात मालिश झाली असेल तर आणखी भर. गुडघ्याच्या बाजूला लांब व्रण होता का, हे घरच्यांना आठवत असेल. असेल तर तो उघड्या शस्त्रक्रियेचा.

मात्र पुस्तिकेत निदान छापू नका. डिस्चार्जचा कागद मिळाला आणि कुटुंबानं परवानगी दिली, तरच आजाराचं नाव टाका. नाहीतर दिसलं तेवढंच लिहा : ‘१९८६च्या पावसाळ्यात चेंडू घेऊन वळताना उजवा गुडघा दुखावला. सहा आठवडे प्लास्टर होतं. पुढच्या मोसमात दोन सामने खेळले आणि थांबले.’ नियतीच्या क्रूर घाल्याला यात ओढू नका. मैदानात खड्डा होता आणि तो कुणी भरला नव्हता, असं असेल तर तेच लिहा.

प्रश्न : डच फॉरवर्ड व्हॅन बास्टेनचा गुडघा गेला आणि १९९३ मध्ये तो निवृत्त झाला, असं मित्र म्हणतो. पैज लागली आहे.
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : मित्र दोन्हीकडे चुकला, तरी अर्धी पैज त्याला द्यायला हरकत नाही. व्हॅन बास्टेनचा घोटा गेला होता. शेवटचा अधिकृत सामना २६ मे १९९३चा, म्युनिकमधला मार्सेलविरुद्धचा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना. त्यानंतर तो मिलानकडून खेळलाच नाही, पण निवृत्ती जाहीर केली ऑगस्ट १९९५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. मधली दोन वर्षं शस्त्रक्रिया आणि उपचारांत गेली. घोट्यातली कुर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, एकदा झिजली की भरून येत नाही, आणि मागून बसलेल्या टॅकल्सनी त्याच्या घोट्याची अवस्था वाईट झाली होती. प्रतिस्पर्ध्याला धोका पोहोचवणाऱ्या मागून केलेल्या टॅकलला थेट लाल कार्ड, हे १९९८ मध्ये नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं. त्याला त्याचा उपयोग नव्हता.

गुडघ्याचं उदाहरण हवं असेल तर ब्रायन क्लफ. २६ डिसेंबर १९६२ला ‘बरी’ या इंग्लिश संघाविरुद्ध गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि संडरलंडच्या या सेंटर फॉरवर्डच्या गुडघ्यातली लिगामेंट तुटली. वय २७. पुढे तीन सामने खेळला आणि संपलं. लीगमधले त्याचे आकडे २७४ सामन्यांत २५१ गोल. लोकांना आज तो प्रशिक्षक म्हणून आठवतो, आणि हे आकडे सांगावे लागतात. फ्रान्सच्या जुस्त फोंतेनचंही तसंच : १९५८च्या एका वर्ल्ड कपमध्ये १३ गोल, मग पाय दोनदा मोडला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ बंद.

प्रश्न : भारताचे जुने फुटबॉलपटू तुलसीदास बलराम यांचा खेळही दुखापतीनंच थांबला ना?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : नाही, फुफ्फुसाच्या आजारानं, १९६३ मध्ये. तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू या दोघांविरुद्ध त्यांनी गोल केले होते.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची, शाळेच्या संघात खेळते. एसीएलचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रात्री दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतो. तिचंही ‘पाय गेला’ असंच होणार का?
(एक आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, ती उशी आज रात्रीपासून काढा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सांधा थोडा वाकलेला राहतो, आणि तो तसाच आखडतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून दहापर्यंत मोजायचं, असं दहा वेळा.

किती अंतर राहिलंय ते घरी मोजता येतं. तिला पलंगावर पालथं झोपवा, दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली कडेबाहेर सोडा आणि दोन टाचांच्या उंचीतला फरक पट्टीनं मोजा. साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. आकडा लिहून याच आठवड्यात सर्जनना दाखवा. सहा आठवड्यांनंतरही पाय सरळ होत नसेल, तर कधी कधी नव्या लिगामेंटच्या पुढे तंतूंची गाठ तयार झालेली असते. ती व्यायामानं जात नाही, छोट्या शस्त्रक्रियेनं काढावी लागते. उशीर केला तर अवघड होतं.

दुसरी सावधगिरी याच्या उलट आहे. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान दुखणं कमी होतं, मुलीला वाटतं आपण बरे झालो, पण ऑपरेशनमध्ये बसवलेलं नवं लिगामेंट याच काळात सर्वात कमजोर असतं, कारण त्यात नवा रक्तपुरवठा अजून रुजत असतो. अंगणातही उड्या नकोत. सामन्यात परतायला किमान नऊ महिने, आणि तेही मांडीची ताकद व एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या ९० टक्के झाल्यावरच. ‘डिसेंबरात स्पर्धा आहे’ हे कारण नाही. परतल्यावर फिफाचा ‘११ प्लस’ सराव आठवड्यातून किमान दोनदा : पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून पूर्ण संघानंच तो करावा. क्लफच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, तिच्यापाशी सगळं आहे.

प्रश्न : स्मृतिसामना ठेवतोय, खेळणारे बहुतेक पंचेचाळिशीपुढचे. काय काळजी घ्यावी?
(मंडळाचे कार्यकर्ते, नाशिक रोड)

उत्तर : नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवा. काळ्या मातीचं मैदान पावसाळ्यात पाय धरून ठेवतं आणि एप्रिलमध्ये दगड होतं. गुडघ्याला दोन्ही वाईट. आपल्याकडे जानेवारीची सकाळ कडक असते, तेव्हा साडेआठच्या आधी शिट्टी नको आणि वॉर्मअप पंधरा मिनिटांचा.

आदल्या दिवशी दहा जणांनी हातभर अंतरानं ओळीत उभं राहून मैदान चालून काढावं. खड्ड्यात नुसती वाळू टाकू नका, ती पहिल्या पावलाला सरकते. माती टाका, पाणी मारा, धुम्मसनं ठोका. फक्कीसाठी कळीचा चुना अजिबात नको. घामावर आणि डोळ्यात गेला तर भाजतो. खडूची पूड वापरा. हलवता येणारे गोलपोस्ट मागून वाळूच्या पोत्यांनी दाबा. कुणीतरी आडव्या दांड्याला लोंबकळतोच.

आठ-आठ जण, साधारण ७० बाय ५० मीटरचं मैदान, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, बदली खेळाडू कितीही वेळा. स्लाइड टॅकलवर बंदी आणि ती पंचांनी नाणेफेकीलाच सांगावी. धातूचे लांब स्टड नकोत. कडक मैदानात ते रुततात, पाय तिथेच राहतो आणि अंग वळतं, म्हणजे वर सिडकोच्या वाचकाला सांगितलं तेच. चेंडूत हवा ८.५ ते ९ पीएसआय, नियमाच्या खालच्या टोकाला. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं ही तक्रार आली, की त्या माणसाला ‘जरा बस, बरं वाटेल’ म्हणून बसवून ठेवू नका. रुग्णवाहिका मैदानाच्या फाटकापाशी, तोंड रस्त्याकडे करून उभी असावी. फाटकाची किल्ली कुणाकडे आहे ते तिच्या चालकाला माहीत असावं.

प्रश्न : वडिलांची जर्सी आणि बूट ट्रंकेत मिळाले. काच लावून भिंतीवर लावावेत का?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : जर्सी जरूर लावा, पण डिंक किंवा फेव्हिकॉल लावून चिकटवू नका. मांजरपाटावर सुती दोऱ्यानं, शिवणीच्या जागी हलके टाके घाला. काच कापडाला टेकू नये, पट्टी देऊन बोटभर अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत दमट होऊन काळे ठिपके येतात. उन्हाच्या भिंतीवर नको. डाग घासू नका.

फोटो आणि कात्रणं लॅमिनेट करू नका. एकदा केलं की परत सोडवता येत नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं.

बुटांत वर्तमानपत्र कोंबू नका, त्याची शाई आणि आम्ल चामड्यात उतरतं. धुतलेल्या मांजरपाटाचे बोळे भरा. तेल चोपडायचा मोह होईल, पण तेलानं चामडं काळवंडतं आणि त्यावर बुरशी धरते. मऊ ब्रशनं वरची धूळ झटका. स्टडच्या मधे वाळलेली काळी माती अडकलेली असेल, तर ती तशीच राहू द्या.