लेन्स हजाराची, बिल तेराशे त्र्याहत्तरचं

प्रश्न : परदेशातल्या दुकानातून कॅमेऱ्याची लेन्स मागवली. किंमत १,०००, पाठवणीचे ६०, विम्याचे १०. आयात शुल्क ५ टक्के आणि वर कर २० टक्के, असं आधीच पाहून ठेवलं होतं, म्हणून २५० बाजूला काढले. कुरिअरवाला दारात उभा राहून ३०३ मागायला लागला. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : नाही झाली. पण तुमची चिडचिड मला समजते, कारण हेच २५ टक्क्यांचं तोंडी गणित मीही कधीकाळी करून बसले होते.

पहिली चूक मुळात आहे. तुम्ही लेन्सची किंमत धरलीत. बऱ्याच देशांत शुल्क लागतं ते किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर. म्हणजे तुमच्या बाबतीत १,०७० वर. त्याचे ५ टक्के ५३.५०. दुसरी चूक करात. कर नुसत्या किमतीवर नसतो, तो शुल्क मिळवून आलेल्या आकड्यावर असतो : १,१२३.५० चे २० टक्के, २२४.७०. झाले २७८.२०. उरलेले साधारण २५ कुरिअर कंपनीचे. तुमच्या वतीने तिने पैसे आधी भरले, कागद केले, त्याची मजुरी. हा आकडा सरकारी नाही, कंपनीचा आहे, आणि तिच्या दरपत्रकात बारीक अक्षरात छापलेला असतो. पुढच्या वेळी तो आधी शोधा, कारण स्वस्तातल्या फिल्टरवर ही मजुरी कधीकधी शुल्कापेक्षा जास्त होते.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश शुल्कासाठी परदेशी भाडं आणि विमा धरत नाहीत. म्हणून तिकडच्या कुणा मित्राचा हिशेब बघून आपला मांडू नका. शिवाय चलनाचा दर कस्टम्सने जाहीर केलेला असतो, तुमच्या बँकेचा नाही. सुट्या पैशांचा फरक तिथून येतो.

दुकानाने पैसे घेतानाच ‘शुल्क आणि कर यात धरले आहेत’ असं म्हटलं असेल, तर कुरिअरवाल्याने दारात काही मागायचं नाही. तसा पर्याय असेल तर मी तोच घेते. थोडा महाग पडतो, पण आकडा आधी कळतो.

प्रश्न : कॅमेऱ्याची वापरलेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतोय. विकणारा म्हणतो, खोक्यावर ‘भेट’ लिहून किंमत शंभर टाकतो, तुमचे पैसे वाचतील. चालेल का?

उत्तर : नाही. तुम्ही पैसे मोजलेत, मग ती भेट कशी? युरोपीय संघात भेटीला सवलत आहे, पण ती एका माणसाने दुसऱ्याला फुकट पाठवलेल्या, ४५ युरोपर्यंतच्या वस्तूला. कॅमेऱ्याची बॉडी त्यात कुठे बसायची? ‘वापरलेली’ म्हटल्यानेही शुल्क माफ होत नाही. किंमत कमी असते म्हणून शुल्क कमी बसतं, इतकंच.

अधिकाऱ्याला लिहिलेल्या किमतीवर विश्वास बसला नाही, तर तो ती बाजूला ठेवून स्वतः किंमत ठरवू शकतो. त्याला मॉडेलचं नाव दिसतं आणि तुमच्याइतकंच त्यालाही शोधता येतं. मग पार्सल अडकतं, दंडाचं बोलणं निघतं, आणि मालाचे मालक म्हणून पत्रं तुम्हाला येतात, विकणाऱ्याला नाही. ते सोडा, खोकं वाटेत हरवलं तर भरपाई कितीची मिळेल? कागदावर शंभर लिहिलेत ना!

विकणाऱ्याला सांगा, खरी रक्कम, मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘वापरलेली’ हा शब्द बिलावर घाल. पैसे दिल्याची पावती हाताशी ठेवा. किंमत विचारली की हीच दाखवायची असते.

प्रश्न : एकाच खोक्यात लेन्स, ट्रायपॉड आणि बॅग होती. तिन्हींना वेगळा दर का?

उत्तर : कारण कस्टम्स ‘कॅमेऱ्याचं सामान’ असा एक ढीग मानत नाही. जगभर वस्तूंना सहा आकडी सांकेतिक क्रमांक आहेत, त्यापुढचे आकडे आणि दर प्रत्येक देश आपापले ठरवतो. लेन्स ९००२.११ मध्ये, ट्रायपॉड ९६२० मध्ये (हा गट २०१७ मध्ये आला), डिजिटल कॅमेरा ८५२५ मध्ये, फिल्मचा कॅमेरा ९००६ मध्ये. आणि बॅग बिचारी ४२०२ मध्ये, सुटकेसी आणि पर्सच्या रांगेत. बिलावर नुसतं ‘फोटोग्राफीचं साहित्य, ३ नग’ असेल, तर कोणता क्रमांक लावायचा हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीसह लिहून मागा.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांना बंद पडायचा. त्याचं कारण कर होता असं एकजण म्हणाला. थाप का?

उत्तर : थाप नाही. युरोपीय संघाच्या नियमात, ८०० बाय ६०० पिक्सेल किंवा त्याहून चांगल्या दर्जाचा व्हिडिओ जो कॅमेरा सलग ३० मिनिटं किंवा जास्त घेऊ शकेल, तो फोटोचा कॅमेरा न राहता व्हिडिओ कॅमेरा ठरायचा. फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शुल्क शून्य, व्हिडिओवर होतं. कंपन्यांनी एक सेकंद सोडून दिला. सेन्सर तापतो हेही काही ठिकाणी खरं होतं, पण नेमका तो एक सेकंद कराचा.

प्रश्न : पूर्वी लेन्सची झाकणं, छोटे फिल्टर मागवले तर काहीच लागायचं नाही. आता पाच-दहाच्या वस्तूवरही कर. हे कधी सुरू झालं?

उत्तर : तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. युरोपीय संघातली २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ ला गेली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी थांबवली. वारा सगळीकडे त्याच दिशेचा आहे.

प्रश्न : दुसऱ्या देशात शूटिंग आहे. सगळं सामान घेऊन जातोय, विकणार काही नाही. तरी शुल्क?

उत्तर : दोन्ही देशांत चालत असेल तर एटीए कार्ने काढा. १९६१ च्या करारावर चालणारी ही वही म्हणजे सामानाचा पासपोर्ट : परत आणायचं सामान शुल्क न भरता नेता येतं. जास्तीत जास्त एक वर्ष चालते, बहुधा वाणिज्य मंडळाकडून मिळते, तारण द्यावं लागतं. निघताना, शिरताना, परतताना, दर वेळी शिक्का. एक शिक्का राहिला की सामान तिथेच विकलंत असं धरून शुल्काची मागणी येऊ शकते.

यादी स्वतः करा, सहायकावर सोडू नका. मी सहायक होते, म्हणून सांगते. यादीत लिहिलं होतं ‘बॅटरी, ८ नग’. अधिकाऱ्याने पेटी उघडली, स्टीलच्या टेबलावर एकेक मांडली आणि मोजली. नऊ. एक मी आदल्या रात्री चार्जरमधून काढून कोपऱ्यात खुपसली होती. त्या एका बॅटरीपायी सबंध पेटी, केबलींसकट, नंबर लावून मोजली गेली. विमानासाठी त्या दिवशी मी जेवढी धावले तेवढी पुन्हा कधी धावले नाही.

प्रश्न : लेन्स दुरुस्तीला परदेशी पाठवायची आहे. परत येताना पुन्हा शुल्क पडेल का?

उत्तर : पाठवण्याआधी नोंद केलीत तर अनेक देशांत ते फक्त दुरुस्तीच्या खर्चावर पडतं. ‘आधी’ या शब्दावर जोर आहे. मी एक लेन्स सरळ खोक्यात भरून पाठवली होती. परतीच्या कागदावर दुरुस्तीगृहाने लिहिलं, ‘लेन्स, १ नग’ आणि शेजारी नव्या लेन्सची किंमत. ती माझीच जुनी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? काही नाही. माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कड्याजवळ, पांढऱ्या अक्षरांत कोरलेला नंबर मी कुठेही टिपला नव्हता. स्वतःच्याच लेन्सवर मी दुसऱ्यांदा पूर्ण शुल्क भरलं.

आता पाठवायच्या आधी त्या नंबराचा फोटो काढते, नंबर घालून निर्यातीचा कागद करून घेते, त्यावर शिक्का घेते आणि खोक्यात एक प्रत टाकते. दुरुस्तीगृहालाही लिहून कळवते, की परतीच्या कागदावर दुरुस्तीचा खर्च आणि लेन्सची किंमत वेगवेगळी लिहा. तुमची लेन्स अजून घरातच असेल, तर झाकण काढून नंबर आजच टिपून ठेवा.