‘तुत्रा’ म्हणतो, पण चुकीचं ऐकत नाही

प्रश्न : नमस्कार ताई. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. भरपूर बोलतो, पण ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणतो. काका म्हणजे ताता, गाडी म्हणजे दाडी. सासूबाई म्हणतात, जीभ जड आहे, खालची शीर कापून घ्या. त्या त्याला ‘आधी नीट म्हण, मग देते’ म्हणून अडवतात. महिनाभर झाला, आता तो वस्तू मागायची तर नुसतं बोट दाखवतो. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात मला ‘ताता’पेक्षा ते बोट जास्त खटकलं. ताताची काळजी नंतर करू.

आधी जिभेचं. ‘त’ म्हणताना जिभेचा शेंडा दातांना लागतो, ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू टाळ्याला टेकते. आरशासमोर स्वतः म्हणून पाहा. जिभेखालची शीर ओढून धरते ती शेंड्याला. तुमच्या मुलाचा शेंडा तर छान चालतो, म्हणूनच सगळीकडे ‘त’ येतोय! मागच्या आवाजाच्या जागी पुढचा आवाज वापरणं या वयात अगदी नेहमीचं आहे आणि साधारण साडेतीन ते चार वर्षांपर्यंत ते बहुतेक मुलांमध्ये आपोआप मागे पडतं. कापाकापी नको.

आता एक गंमत करा. त्याच्यासमोर तुम्हीच ‘तो बघ तुत्रा’ म्हणा. बरीच मुलं चिडतात : ‘तुत्रा नाही, तुत्रा!’ १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी अशाच एका मुलाची नोंद केली होती. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला मुळीच चालायचं नाही. म्हणजे मुलाच्या डोक्यात शब्द बरोबर असतो, तोंडातून अजून तसा निघत नाही. अशा मुलाला दहा वेळा ‘क म्हण’ सांगून काय मिळणार?

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. या कामात नवीन होते तेव्हा एका मुलीला अर्धा तास ‘क, क’ म्हणायला लावलं. पुढच्या वेळी ती दारातच आईच्या मागे लपली आणि आत यायलाच तयार होईना.

तो ‘दाडी देली’ म्हणाला की तुम्ही म्हणा, ‘हो, गाडी गेली. लाल गाडी होती ना? कुठे गेली गाडी?’ बरोबर शब्द दोन-तीनदा त्याच्या कानावर पडला, त्याला परत म्हणायला लावलं नाही आणि गप्पाही पुढे गेल्या. वस्तू मात्र पहिल्या मागण्यालाच द्या, उच्चार कसाही असो. सासूबाईंना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका, त्यांना गोष्ट सांगायचं काम द्या. कावळा, कासव, गाढव असलेली कुठलीही गोष्ट चालेल. चूळ भरताना घशात ‘घर्रर्र’ करायचा खेळही मुलांना आवडतो. जिभेची मागची बाजू तिथे आपसूक कामाला लागते.

एक गोष्ट मात्र टाळू नका : कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं, बरेचदा दुखत नाही म्हणून कळतही नाही. कार आणि तार अशी दोन चित्रं ठेवा, तोंड झाकून एकेकाचं नाव घ्या. तो गोंधळत असेल, टीव्ही मोठा करत असेल, सारखं ‘आं?’ विचारत असेल, तर लगेच तपासणी करा. नसेल गोंधळत, तरी एकदा करून घ्याच. या वयात खेळता खेळता ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते.

तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला मुलाचं साधारण पाऊण बोलणं कळावं, चौथ्या वर्षी जवळपास सगळं. चार पूर्ण होऊनही ‘ताता’ तसाच राहिला, तर स्पीच थेरपिस्टकडे जा. बोट दाखवणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर तेवढंही थांबू नका.

आणि ‘तुत्रा’वरून तो तुमच्यावर रागावला का, तेही कळवा.